फू फायटर्सचा 'द कलर अँड द शेप' : घटस्फोटाच्या हिवाळ्यातला अल्बम

कातरवेळ

पोस्ट-ग्रंजचा, म्हणजे नव्वदच्या दशकात ग्रंजच्या पाठोपाठ आलेल्या रॉक संगीताचा, विषय निघाला की "सगळं तेच रडगाणं" असं म्हणून कुणीतरी तो तिथेच मिटवतं. मला या एका अल्बमची बाजू नीट मांडायची आहे, म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांना मागचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एप्रिल १९९४ मध्ये गायक कर्ट कोबेन गेला आणि त्याचा सिॲटलचा रॉक बँड निर्वाणा संपला. त्यांचा ड्रमर डेव्ह ग्रोल याला काही काळ संगीतच नकोसं झालं होतं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो सिॲटलच्या उत्तरेला असलेल्या रॉबर्ट लँग स्टुडिओत गेला आणि जवळपास सगळी वाद्यं एकट्यानं वाजवून आठवड्याभरात एक अल्बम करून बाहेर पडला. तो फू फायटर्सचा पहिला अल्बम. बँड त्यानंतर जमवला. बेसवर नेट मेंडेल आणि ड्रम्सवर विल्यम गोल्डस्मिथ, दोघेही सनी डे रिअल इस्टेट या बँडचे. गिटारवर पॅट स्मिअर, जो निर्वाणाच्या शेवटच्या दौऱ्यांत सोबत होता.

त्या पहिल्या अल्बममध्ये ग्रोल लपलेला आहे. गाण्यांना चाली आहेत, जोर आहे, पण शब्द मुद्दाम धूसर. गेलेल्या मित्राबद्दल प्रत्येक ओळीत काहीतरी शोधलं जाणार हे त्याला कळत होतं, त्यामुळे शोधायला हाती लागेल असं त्यानं फारसं ठेवलंच नाही.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी लपायला जागा उरली नाही. १९९६ च्या शेवटी रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा त्याचा संसार मोडत होता. स्वतःचं घर उरलं नाही म्हणून तो मित्राच्या घरी जमिनीवर स्लीपिंग बॅग टाकून झोपायचा. आणि निर्माता म्हणून बोलावला होता गिल नॉर्टनला. पिक्सीज या बँडचा 'डूलिटल' अल्बम करणारा हा इंग्लिश माणूस. एकेक गाणं सुटं करून पुन्हा जोडायला लावणारा, शंभर टक्के मिळेपर्यंत टेकवर टेक, म्हणजे तेच पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून घेणारा.

माझा मुद्दा इथेच आहे. हा अल्बम म्हणजे मन मोकळं केलं आणि टेप चालू होती, असा प्रकार नाही. सिॲटलजवळच्या वुडिनव्हिलच्या बेअर क्रीक स्टुडिओत नोव्हेंबर-डिसेंबरात जे रेकॉर्ड झालं, त्यातलं बहुतेक बाजूला ठेवून १९९७ च्या सुरुवातीला हॉलिवूडच्या ग्रँडमास्टर स्टुडिओत पुन्हा सगळं उभं केलं गेलं. दुःख ताजं होतं, तरी ते पहिल्या फटक्यात जसं बाहेर आलं तसं त्यानं स्वीकारलं नाही.

'मंकी रेंच' ऐका. पहिले दोन मिनिटं ते सरळ धावतं, उड्या मारायला लावणारं गाणं आहे. मग मधल्या भागात ग्रोल एक अख्खं कडवं ओरडून म्हणतो, आणि तेही एका श्वासात. शेवटच्या शब्दांपर्यंत त्याची हवा संपत आलेली स्पष्ट ऐकू येते, आवाज फाटतो, पण शब्द एकही गळत नाही आणि तालाच्या बाहेर जात नाही. हे गाणं बायकोवर आगपाखड करणारं नाही, हेही लक्षात घ्या. नात्यातल्या सगळ्या अडचणींचं मूळ आपणच आहोत असं उमगलेला, आणि प्रेम आहे म्हणूनच समोरच्याला आपल्यापासून सोडवू पाहणारा माणूस त्यात बोलतो, असं ग्रोलनं स्वतः सांगितलं आहे. या प्रकारच्या संगीतात "तू मला फसवलंस" छापाची गाणी पोत्यानं मिळतील. "माझ्यापासून सुट" असं म्हणणारी फार कमी.

गाण्यांचा क्रमही विचार करून लावलाय. सुरुवातीला 'डॉल', दीड मिनिटाच्या आत संपणारं, जवळजवळ पुटपुटल्यासारखं. त्याच्या पाठोपाठ 'मंकी रेंच'चा स्फोट. मधे राग, गोंधळ, 'माय पुअर ब्रेन' आणि 'वाइंड अप' सारखी अस्वस्थ गाणी. शेवटाकडे 'फेब्रुवारी स्टार्स', 'एव्हरलाँग', 'वॉकिंग आफ्टर यू' आणि 'न्यू वे होम'. गोंधळातून नव्या सुखाकडे जाणारी वाट असावी, अशीच ही मांडणी आहे. मधलं एखादं गाणं सुटं ऐकलं तर हे कळत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की सत्तेचाळीस मिनिटं काढा आणि क्रमानं ऐका.

तुम्ही कसा ऐकता हा अल्बम?

---

शंकेखोर

धागा आवडला. एक प्रश्न आहे. ग्रंज आणि पोस्ट-ग्रंज यांतला फरक नेमका कुठे? मला वाटायचं की निर्वाणातलाच माणूस आहे म्हणजे हेही ग्रंजच.

---

कातरवेळ

@शंकेखोर, ग्रंज म्हणजे ढोबळमानानं ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सिॲटल आणि आसपास वाढलेलं संगीत. निर्वाणा, साउंडगार्डन, ॲलिस इन चेन्स, पर्ल जॅम, मडहनी. पंक आणि हेवी मेटल यांचा चिखल एकत्र कालवलेला, आवाज जाड आणि मळका. १९९१ मध्ये निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला आणि सगळ्या रेकॉर्ड कंपन्यांना तसलंच काहीतरी हवं झालं. त्यानंतर बुश, कँडलबॉक्स, कलेक्टिव्ह सोल असे बँड आले. गिटारचा जाडपणा तोच, पण रेकॉर्डिंग स्वच्छ, चाल रेडिओला सोयीची. त्याला पोस्ट-ग्रंज म्हणू लागले. पुढे क्रीड, स्टेन्ड, निकलबॅक यांनी तो प्रवाह २००० च्या दशकात नेला.

टीकाकारांनी हे नाव बऱ्याचदा हिणवायला वापरलं. नकलेचा आरोप काही बँडच्या बाबतीत खराही होता. पण ग्रोलला नकलाकार कसं म्हणणार? ज्याची नक्कल चालली होती, ते ड्रम्स त्यानंच वाजवले होते.

---

ड्रमकाठी

धागा उत्तम आहे, पण एक बाजू राहिली, आणि मी ड्रम्स वाजवतो म्हणून ती मला लागते.

बेअर क्रीकमध्ये ड्रम्स गोल्डस्मिथनं वाजवले होते. त्यानं नंतर सांगितलं आहे की एका गाण्याचे त्याच्याकडून ९६ टेक घेतले गेले आणि दुसऱ्या एकासाठी तेरा तास वाजवून घेतलं. त्यानंतर हॉलिवूडमध्ये ग्रोलनं त्याचे जवळपास सगळे ड्रम्स स्वतः पुन्हा वाजवले, आणि हे गोल्डस्मिथला आधी सांगितलं नव्हतं. अंतिम अल्बममध्ये त्याचं वाजवणं उरलं ते 'डॉल'मध्ये आणि 'अप इन आर्म्स'च्या संथ सुरुवातीत. ग्रोलला तो दौऱ्यासाठी हवा होता, पण हे कळल्यावर गोल्डस्मिथ थांबला नाही. का थांबेल?

वाजवणाऱ्या माणसाला यात काय वाटतं ते सांगतो. तुमचं बीट कुठे घसरतंय हे सांगितलं तर तुम्ही ते सुधारता. हाताला जमत नसेल तर तोंडावर सांगितलेलंही सहन होतं. पण तुम्ही घरी असताना तुमच्या जागी दुसरा कुणी बसून गेला, आणि तो दुसरा म्हणजे तुमचाच म्होरक्या आणि जगातल्या उत्तम ड्रमरपैकी एक, तर पुन्हा त्या स्टुलावर बसायची उमेद कुठून आणायची?

घर मोडत असताना माणूस मिळेल ती गोष्ट घट्ट धरून ठेवतो, हे मी समजू शकतो. ग्रोलनं ड्रम्स धरले. पण त्यात चिरडला गेला तो ज्याचा या घटस्फोटाशी काहीच संबंध नव्हता.

---

कातरवेळ

@ड्रमकाठी, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी "पुन्हा सगळं उभं केलं" एवढ्यात जे उरकलं, त्याच्या आत हेच आहे. २०११ च्या 'बॅक अँड फोर्थ' या माहितीपटात गोल्डस्मिथ स्वतः या प्रकाराबद्दल बोलतो. इतकी वर्षं उलटूनही तो विषय त्याच्यासाठी सोपा झालेला दिसत नाही.

निकालाबद्दल मात्र मी ठाम आहे. 'माय हिरो'ची सुरुवात, ते नुसते ड्रम्स, त्या टॉम्सचं (ड्रमसेटमधल्या जाड आवाजाच्या ढोलांचं) वजन, हे दुसऱ्या कुणाच्या हातून असं आलं नसतं. पद्धत चुकीची होती, वाजवलेलं बरोबर होतं. दोन्ही खरं आहे आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही.

---

ड्रमकाठी

वाजवण्याबद्दल शंभर टक्के सहमत. 'एव्हरलाँग'चेच ड्रम्स घ्या. वेग मिनिटाला १५८ मात्रांच्या आसपास, आणि हाय-हॅटवर, म्हणजे जोडझांजेवर, एकसारखे सोळांश, मात्रेला चार. म्हणजे सेकंदाला दहा ठोके, तेही मिनिटामागून मिनिट, जोर कमी-जास्त न होता. नवीन मुलं हे गाणं वाजवायला घेतात तेव्हा पहिल्या कडव्यातच मनगट दगड होतं. हात सैल ठेवून ते पळवणं यालाच वर्षं लागतात. आणि ऐकणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही, त्याला फक्त छातीत काहीतरी धडधडल्यासारखं होतं. ग्रोलची खुबी ही की गाणं हळुवार आहे आणि खालून ड्रम्स उर फुटेस्तोवर धावतायत.

---

खर्ज

गिटारवाल्यांकडून थोडी भर.

'एव्हरलाँग' ड्रॉप-डी ट्यूनिंगमध्ये आहे. सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवायची. मग खालच्या तीन तारांवर एक बोट आडवं ठेवलं की पॉवर कॉर्ड, म्हणजे दोनच सुरांचा भरीव कॉर्ड, तयार, त्यामुळे हात मानेवर सुसाट सरकू शकतो. मेटलवाले हे ट्यूनिंग अंगावर येणाऱ्या रिफसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यांसाठी, वापरतात. ग्रोलनं त्यात पहिलाच कॉर्ड डी मेजर सेव्हन्थच्या वळणाचा घेतला. त्या कॉर्डमध्ये एक सूर असा आहे की तो षड्जाला टेकता टेकता अर्ध्या सुरावर थांबतो. म्हणून गाणं सुरू होताच काहीतरी सुखाचं आणि त्याच वेळी अपुरं वाटतं. ज्याला रियाझाची सवय आहे त्याला हा शुद्ध निषाद लगेच ओळखू येईल.

हे गाणं आलं कसं तेही सांगण्यासारखं आहे. बेअर क्रीकनंतर नाताळच्या सुट्टीत ग्रोल व्हर्जिनियाला, लहानपणीच्या घरच्या प्रदेशात गेला होता. तिथे पाऊण तासात गाणं झालं. मग वॉशिंग्टन डीसीमधल्या ओळखीच्या लहानशा स्टुडिओत त्यानं एकट्यानं ते रेकॉर्ड करून पाहिलं. संसार मोडत असतानाच तो व्हेरुका सॉल्ट या बँडच्या लुईस पोस्टच्या प्रेमात पडला होता, आणि गाणं तिच्यावरून सुचलेलं आहे. अल्बममधलं 'वॉकिंग आफ्टर यू' तर थेट त्याच स्टुडिओतलं, एकट्या ग्रोलचं रेकॉर्डिंग आहे.

---

रेडमंडकर

मी इथे सिॲटलजवळ, लेक वॉशिंग्टन या तळ्याच्या पूर्वेच्या उपनगरात राहतो. या भागात आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना वुडिनव्हिल माहीत असतं ते वाइनरींमुळे. बेअर क्रीक स्टुडिओ त्याच गावात आहे, जुन्या कोठारात उभारलेला. आजूबाजूला झाडी, ओढा. नोव्हेंबर-डिसेंबरात इथे साडेचार वाजता अंधार पडतो आणि बारीक पाऊस दिवसचे दिवस थांबत नाही. मन थाऱ्यावर नसताना अशा जागी कोंडून घेऊन रोज तेच गाणं वाजवायचं म्हणजे काय झालं असेल, याची कल्पना इथला एक हिवाळा काढलेल्या माणसाला सहज येते. हॉलिवूडला गेल्यावर अल्बमचा सूर बदलला यात उन्हाचाही वाटा असणार, असं मला वाटतं.

आणि 'न्यू वे होम'. त्यात घरी जाताना बोटी आणि किंगडोम ओलांडल्याचा उल्लेख येतो. किंगडोम हे सिॲटलचं जुनं, काँक्रीटच्या घुमटाचं स्टेडियम. मार्च २००० मध्ये ते सुरुंग लावून पाडलं. गाण्यात तो माणूस रोजच्या रस्त्यानं घरी चाललाय आणि मला भीती वाटत नाही, असं पुन्हा पुन्हा म्हणतोय. आधी हळू, मग थोडं मोठ्यानं, मग ड्रम्स येतात, मग गिटार, आणि शेवटी तेच वाक्य तो गळा फाडून म्हणतो. सुरुवातीला ते ऐकताना कळतं की याला भीती वाटतेय. शेवटी तसं वाटत नाही. त्याच चार शब्दांत एवढा फरक पाडलाय, फक्त आवाज चढवत नेऊन.

---

शंकेखोर

@रेडमंडकर, हे वाचून आत्ता 'न्यू वे होम' लावलं. शेवटचा दीड मिनिट दोनदा ऐकला. अंगावर काटा आला.

---

निळीशाई

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे.

घटस्फोटावरचे अल्बम ऐकताना आपण फक्त एका माणसाची बाजू ऐकतो. ज्याच्या हातात माइक आहे त्याची. दुसऱ्या व्यक्तीचं दुःख तेवढंच मोठं असेल, पण त्याला ना स्टुडिओ, ना निर्माता, ना आपल्यासारखे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी धागे काढणारे श्रोते. मी वकिली करते, कौटुंबिक न्यायालयात रोज दोन्ही बाजू समोर बसलेल्या बघते. दोघांकडे आपापली गोष्ट असते आणि दोन्ही ऐकल्याशिवाय काहीच समजत नाही.

तरी हा अल्बम मला खटकत नाही आणि त्याचं कारण कातरवेळनं लिहिलंय तेच. तो आरोपपत्र वाचत नाही. समोरच्या व्यक्तीचं वर्णनसुद्धा फारसं करत नाही. जो काही तपास आहे तो स्वतःचा. त्यामुळे ऐकणाऱ्याला न्यायाधीश व्हावं लागत नाही.

---

कातरवेळ

@निळीशाई, मनापासून आवडलं हे. "जो काही तपास आहे तो स्वतःचा", याहून नेमकं मला लिहिता आलं नसतं.

---

अर्धविराम

याच घराण्यातला आणखी एक अल्बम सुचवतो. थ्री डेज ग्रेसचा 'वन-एक्स', जून २००६. कॅनडातल्या ऑन्टारियोमधला बँड. गायक ॲडम गाँटिए वेदनाशामक गोळ्यांच्या, ऑक्सिकाँटिनच्या, आहारी गेला होता. २००५ मध्ये तो टोरांटोमधल्या व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य केंद्रात दाखल झाला आणि या अल्बममधली गाणी त्याच काळातून आली आहेत. 'ॲनिमल आय हॅव बिकम'मध्ये तो स्वतःलाच ओळखत नाही. 'पेन'मध्ये काहीच न वाटण्यापेक्षा दुखणं परवडलं, असं म्हणतो. 'नेव्हर टू लेट' मात्र हात धरून परत आणणारं गाणं आहे.

हा 'कलर अँड शेप'सारखा बारकाईनं कोरलेला नाही हे मान्य. गाण्यांचे साचे एकसारखे आहेत, शब्द अगदी उघडे. पण व्यसनात सापडलेल्या माणसाला उपमा-उत्प्रेक्षा लागत नाहीत, त्याला सरळ बोलणारं कुणीतरी लागतं. माझ्या जवळच्या एका माणसाला त्या दिवसांत या अल्बमचा आधार होता, म्हणून "रडगाणं" हा शब्द मलाही सहन होत नाही.

गाँटिए २०१३ मध्ये बँड सोडून गेला होता. २०२४ मध्ये परत आला, आणि त्याच्या जागी आलेला मॅट वॉल्स्टही राहिला. आता दोघं मिळून गातात.

---

ड्रमकाठी

@अर्धविराम, जुना गायक परतला आणि नव्याला काढलं नाही, हे वाचून बरं वाटलं.

---

खर्ज

'एव्हरलाँग'चं पुढचं आयुष्य कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून मीच लिहितो.

अमेरिकी टीव्हीवरचे सूत्रसंचालक डेव्हिड लेटरमन यांच्यावर जानेवारी २००० मध्ये हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली. फेब्रुवारीत ते कार्यक्रमात परतले तेव्हा त्यांनी फू फायटर्सला बोलावून घेतलं, कारण हे त्यांचं लाडकं गाणं. बँडनं त्यासाठी दौरा बाजूला ठेवला. आणि लेटरमन निवृत्त झाले तो शेवटचा कार्यक्रम २० मे २०१५ चा. त्यातही शेवटी हेच गाणं. तारीख बघा, अल्बमला त्या दिवशी बरोबर अठरा वर्षं पूर्ण होत होती.

गोल्डस्मिथनंतर ड्रम्सवर आला टेलर हॉकिन्स, जो तेव्हा गायिका ॲलानिस मॉरिसेटसोबत वाजवायचा. या अल्बमवर त्याचा एकही ठोका नाही, पण पुढची पंचवीस वर्षं स्टेजवर ही गाणी त्यानंच वाजवली. मार्च २०२२ मध्ये तो गेला. सप्टेंबरमध्ये लंडनला वेम्बलीत त्याच्यासाठी कार्यक्रम झाला तेव्हा 'माय हिरो'ला ड्रम्सवर टेलरचा सोळा वर्षांचा मुलगा बसला होता. त्या मुलाचं वाजवणं एकदा बघाच. प्रत्येक फटका सगळं अंग झोकून. त्यानंतर ग्रोल एकटा गिटार घेऊन उभा राहिला आणि 'एव्हरलाँग' गायला.

---

निळीशाई

घटस्फोटाच्या हिवाळ्यात लिहिलेली गाणी मित्राच्या श्रद्धांजलीला पुरली. हे मला माहीत नव्हतं. @खर्ज, धन्यवाद.

---

शंकेखोर

शेवटचा प्रश्न. ऐकायचा तर कोणता घ्यावा? ॲपवर दोन दिसतायत, एक तेरा गाण्यांचा आणि एक लांबलचक.

---

कातरवेळ

@शंकेखोर, आधी तेरा गाण्यांचा मूळ अल्बम. 'न्यू वे होम' संपल्यावर तिथेच थांब, लगेच पुढचं काही लावू नकोस.

लांब आहे ती २००७ ची दहा वर्षांनिमित्त निघालेली आवृत्ती. तिच्यात सहा जादा गाणी आहेत. जेरी रॅफर्टीच्या 'बेकर स्ट्रीट'चं त्यांनी केलेलं रूप आहे, मूळच्या सॅक्सोफोनची चाल गिटारवर. आणि 'द कलर अँड द शेप' नावाचं गाणंही तिथेच सापडेल. अल्बमला ज्याचं नाव, तेच गाणं मूळ अल्बममध्ये नव्हतं, 'मंकी रेंच'च्या सिंगलच्या, म्हणजे त्या एका गाण्याच्या सुट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला टाकलं होतं. ते प्रचंड कर्कश आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता आरडाओरडा. मला ते आवडतं, पण ते गाळलं हे योग्यच केलं. 'डॉल' आणि 'न्यू वे होम' यांच्या मधे ते कुठेही ठेवलं असतं तरी वाट तुटली असती.